कर्नल, ॲप आणि मधली वही : अनकॅश्ड मेमरी मॅपिंग नीट समजून घेऊ

००:०० | आजचा विषय

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलले तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय. कोडमधली नावं मी मोठ्याने वाचते तशीच लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो, तेवढं लक्षात ठेवा.

फोनचा कॅमेरा उघडलात की स्क्रीनवर चित्र हलायला लागतं. सेन्सरकडून आलेली प्रत्येक फ्रेम चिपमधला कॅमेऱ्याचा भाग रॅममध्ये लिहितो, आणि मग ॲप ती वाचतं. रॅम एकच, पण लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा. बरं, दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. या दोघांमधला व्यवहार लावून देणारा तिसरा, तो म्हणजे कर्नल.

मी एम्बेडेड लिनक्सवर काम करते. बीटेकला असताना ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात कॅश होती, पेजिंग होतं, एममॅप होतं. पण तीन वेगळ्या प्रकरणांत. ही तीन एकत्र आली की काय होतं, हे कुणी शिकवत नाही. आणि नोकरीत पहिला ड्रायव्हर हातात आला की नेमकं तेच लागतं.

आजच्या भागात एकच मुद्दा धरून चालायचं आहे. 'अनकॅश्ड' म्हणजे नुसती हळू मेमरी नाही, आणि 'सेफ' मेमरी तर मुळीच नाही. तो एक करार आहे : कोण कधी लिहिणार आणि ते दुसऱ्याला कधी दिसणार याचा. आणि ज्यांच्या ज्यांच्या हातात ते मेमरीचं पान आहे, त्या सगळ्यांनी तो करार पाळला तरच तो टिकतो.

०१:४० | कच्ची चिठ्ठी, पक्की वही

आधी हे सांगून टाकते की कॅश म्हणजे खिशातली कॅश नव्हे.

गल्लीतलं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. मालक गल्ल्यावर बसतो. उधारीची पक्की वही आतल्या खोलीत, कपाटात. दर गिऱ्हाइकाला आत जाऊन वही उघडणं परवडत नाही. म्हणून तो लागतील तेवढ्या ओळी एका चिठ्ठीवर उतरवून गल्ल्यापाशी ठेवतो. कुणी दोनशेची उधारी केली की चिठ्ठीवर लिहितो. पक्क्या वहीत ती नोंद सवडीनं जाते. मालक म्हणजे सीपीयू, चिठ्ठी म्हणजे कॅश, वही म्हणजे रॅम.

मालक एकटा असेल तोवर काही बिघडत नाही. आता मागच्या दारानं येणारा होलसेलवाला आणा. त्याला गल्ल्यावरच्या चिठ्ठ्यांचा पत्ताच नाही. तो थेट आतल्या वहीत लिहितो आणि वहीतलंच वाचतो. हा आपला कॅमेरा, नेटवर्क कार्ड, व्हिडिओ डिकोडर. सीपीयूला मध्ये न घेता थेट रॅमशी व्यवहार करणं, यालाच डीएमए म्हणतात.

इथून तीन घोळ होतात.

पहिला : मालकानं चिठ्ठीवर लिहिलं, वहीत उतरवलं नाही. होलसेलवाला वही वाचतो, जुनाच आकडा बघतो. यावर उपाय म्हणजे आधी चिठ्ठी वहीत उतरवणं. याला क्लीन म्हणतात.

दुसरा : होलसेलवाल्यानं वहीत नवा आकडा लिहिला, पण मालक गल्ल्यावरची जुनी चिठ्ठीच बघत बसलाय. उपाय, जुनी चिठ्ठी फाडून टाकणं. याला इनव्हॅलिडेट म्हणतात.

तिसरा सगळ्यात चिवट. चिठ्ठीवर एक नोंद नसते, शेजारच्या बऱ्याच नोंदी एकदम असतात. फोन आणि लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ही चिठ्ठी ६४ बाइटची असते. तिला कॅश लाइन म्हणतात. मालकानं चिठ्ठीतली एकच ओळ बदलली तरी अख्खी चिठ्ठी वहीत उतरते, आणि तेवढ्या वेळात होलसेलवाल्यानं शेजारच्या ओळीत लिहिलेलं पुसलं जाऊ शकतं. म्हणूनच डीएमएचा बफर आणि तुमचे इतर व्हेरिएबल एका कॅश लाइनमध्ये शेजारी राहू देऊ नका, असं सांगतात.

अनकॅश्ड मॅपिंग म्हणजे काय? या पानासाठी चिठ्ठी करायचीच नाही. दर वेळी उठायचं, आत जायचं, वहीत बघायचं.

०४:५० | 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय'

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, म्हटलंही असेल. इथे ते अगदी खरं असतं, आणि म्हणूनच फसवतं.

इंटेल किंवा एएमडीच्या नेहमीच्या पीसीवर हार्डवेअर स्वतःच लक्ष ठेवतं. उपकरणानं रॅमला हात लावला की त्या जागेची चिठ्ठी कुठल्या कॅशमध्ये आहे का, हे बघून हिशेब जुळवतं. अशा व्यवस्थेला कोहेरंट म्हणतात. दुकानात एक चोख मुनीम बसवल्यासारखं.

फोनमधल्या आणि छोट्या बोर्डांवरच्या एआरएम चिपमध्ये हा मुनीम प्रत्येक उपकरणासाठी असतोच असं नाही. एखाद्या चिपमध्ये जीपीयूसाठी असेल, कॅमेऱ्यासाठी नसेल. त्यामुळे लॅपटॉपवर महिनाभर बिनतक्रार चाललेलं कोड बोर्डावर टाकलं की पहिल्याच दिवशी फ्रेम फाटायला लागतात. कोड तेच. पण लॅपटॉपवर तुमच्या वतीनं कुणीतरी हिशेब जुळवत होतं, आणि ते तुम्हाला माहीतच नव्हतं.

०६:०० | ठरवतं कोण? पेज टेबलमधले मोजके बिट

आता कर्नल आणि ॲपकडे येऊ.

तुमचं ॲप जो पत्ता वापरतं तो खरा पत्ता नसतो. खरा पत्ता पेज टेबलमध्ये असतो. मेमरीचं एक पान, सहसा ४ केबीचं, आणि त्यासाठी टेबलमध्ये एक नोंद. त्या नोंदीत तीन गोष्टी असतात : खरं पान कुठं आहे, त्यावर वाचायची-लिहायची परवानगी काय आहे, आणि त्या पानाशी कसं वागायचं. ही तिसरी गोष्ट म्हणजे आजचा विषय. कॅश करायचं की नाही, हे असं पानापानाला ठरतं.

ॲप हे स्वतः ठरवू शकत नाही. लिनक्सच्या एममॅप कॉलला 'मला अनकॅश्ड दे' असा फ्लॅगच नाही. ॲप डिव्हाइस फाइल उघडतं, एममॅप म्हणतं, आणि कर्नल त्या ड्रायव्हरच्या एममॅप फंक्शनला बोलावतो. ड्रायव्हरला ॲपच्या त्या पत्त्यांच्या पट्ट्याची माहिती मिळते. तिला व्हीएमए म्हणतात. ड्रायव्हर त्या व्हीएमएच्या 'व्हीएम पेज प्रॉट' या खणात पानांचा स्वभाव लिहितो, मग 'रीमॅप पीएफएन रेंज' बोलावून पेज टेबल भरतो. नेहमीच्या साध्या ड्रायव्हरमध्ये सगळा खेळ या दोन-तीन ओळींचा असतो. पण याच ओळी चुकल्या की महिना जातो.

०७:४० | अनकॅश्डचे प्रकार, आणि त्यातला सापळा

'अनकॅश्ड' हा एकच प्रकार आहे असं समजू नका.

एआरएम ६४ वर ढोबळमानानं तीन स्वभाव लक्षात ठेवा. एक, नॉर्मल कॅशेबल : रोजची रॅम. दोन, नॉर्मल नॉन-कॅशेबल : रॅमच, पण चिठ्ठी नाही. सीपीयू इथे लिहिताना दोन-चार लेखनं एकत्र करू शकतो, क्रम थोडा बदलू शकतो. तीन, डिव्हाइस : ही रॅम नाहीच, ही उपकरणाची रजिस्टरं. इथे कडक शिस्त लागते.

शिस्त का? कारण रजिस्टर वाचणं म्हणजे नुसतं बघणं नसतं. काही स्टेटस रजिस्टरं वाचली की आपोआप शून्य होतात. फिफो वाचला की त्यातला एक घटक बाहेर पडतो, परत मिळत नाही. सीपीयूनं 'लागेल कदाचित' म्हणून आधीच वाचून ठेवलं, तर डेटा गेलाच समजा. म्हणून डिव्हाइस मेमरीवर अंदाजानं वाचन होत नाही.

आता सापळा. लिनक्समध्ये 'पीजीप्रॉट नॉनकॅश्ड' नावाचं फंक्शन आहे. नाव वाचून वाटतं, रॅमच्या बफरला अनकॅश्ड करायला हेच. पण एआरएम ६४ वर ते डिव्हाइस स्वभाव देतं, त्यातलाही सगळ्यात कडक. बफर मॅप होतो, ॲप एकेक शब्द वाचतं तोवर ठीक चालतं. मग कुणीतरी मेमसेट किंवा मेमकॉपी बोलावतं. ही लायब्ररीतली फंक्शनं वेगासाठी विषम पत्त्यांवर मोठे तुकडे उचलतात. मेमसेट तर शून्य भरायला एक खास कॅश-सूचनाही वापरतं. डिव्हाइस मेमरीला दोन्ही चालत नाही. ॲप 'बस एरर' देऊन मरतं, आणि सगळे मेमसेटला शिव्या घालत बसतात.

रॅमसाठी 'पीजीप्रॉट राइटकंबाइन' घ्या. एआरएम ६४ वर ते नॉर्मल नॉन-कॅशेबल देतं. आणि त्याहून चांगलं म्हणजे, बफर 'डीएमए अलॉक कोहेरंट'नं घेतला असेल तर मॅपही 'डीएमए एममॅप कोहेरंट'नंच करा. त्या चिपवर, त्या उपकरणासाठी कुठला स्वभाव बरोबर, हे तोच ठरवतो. उपकरण कोहेरंट असेल तर कॅशेबलच ठेवतो, उगाच हळू करत नाही.

राइट-कंबाइनबद्दल अजून दोन शब्द. लेखनं एका छोट्या बफरमध्ये जमा होतात आणि गठ्ठ्यानं रॅमकडे जातात. स्क्रीनवर चित्र ओतायचं असेल, जीपीयूला कमांड लिहायच्या असतील, तर उत्तम. पण तिथून परत वाचायला जाल तर रडकुंडीला याल. राइट-कंबाइन म्हणजे एकेरी रस्ता समजा.

११:०० | मग सगळंच अनकॅश्ड का नको?

हा प्रश्न हमखास येतो. हिशेब करू या.

१९२० गुणिले १०८० ची एक फ्रेम, कॅमेऱ्यात नेहमी असणाऱ्या एनव्ही १२ फॉरमॅटमध्ये. एका पिक्सेलला दीड बाइट. म्हणजे ३१,१०,४०० बाइट. कॅशेबल असेल तर ६४ बाइटची एक लाइन एकदा आणली की पुढचे ६३ बाइट गल्ल्यावरच मिळतात. म्हणजे ४८,६०० फेऱ्या. शिवाय पुढच्या लाइन सीपीयू आधीच मागवून ठेवतो.

अनकॅश्ड असेल आणि कोड एकेक बाइट वाचत असेल, तर ३१ लाखांहून जास्त फेऱ्या. रॅमपर्यंतची एक फेरी साधारण १०० नॅनोसेकंदांच्या घरात धरा. एकापाठोपाठ एक केल्या तर एका फ्रेमला सुमारे ०.३ सेकंद. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात ३३ मिलिसेकंद. म्हणजे गणितच बसत नाही. आठ-आठ बाइट वाचले तर फेऱ्या आठपट कमी होतील, तरी ३३ मिलिसेकंदांत बसणार नाहीच, मग इतर कामाला वेळ उरायचा प्रश्नच नाही. आणि हे फक्त वाचन झालं. त्यावर चेहरा ओळखायचा, रंग सुधारायचे, ते वेगळंच.

म्हणून ढोबळ नियम असा : सीपीयू क्वचित हात लावतो आणि तुकडे छोटे आहेत, उदाहरणार्थ नेटवर्क कार्डच्या डिस्क्रिप्टरची रांग, तिथे अनकॅश्ड किंवा कोहेरंट. सीपीयू फक्त लिहितो, तिथे राइट-कंबाइन. सीपीयूला भरपूर वाचायचं आहे, तिथे कॅशेबल ठेवा आणि ताबा हातोहात द्या. हा 'ताबा' काय, ते सांगते.

१३:०० | बत्तीस पिक्सेलच्या रेघा

आमच्या टीमकडे एकदा एक कॅमेरा बोर्ड आला. ड्रायव्हर बोर्डाबरोबर बाहेरून आलेला. चित्र छान दिसायचं, पण समोरून हात फिरवला की हाताच्या कडेला छोट्या आडव्या रेघा दिसायच्या, जणू मागच्या फ्रेमचे तुकडे चिकटलेत. सगळ्यांचा संशय सेन्सरवर. केबल बदलली, क्लॉक कमी केला, काही फरक नाही.

टीममधल्या एका सीनियर दादानं स्क्रीनशॉट मोठा केला आणि रेघा मोजल्या. प्रत्येक रेघ ३२ पिक्सेलची, किंवा ३२ च्या पटीत. फॉरमॅट एका पिक्सेलला २ बाइटचा. ३२ गुणिले २, ६४. तो एवढंच म्हणाला, "सेन्सरला ६४ कुठून माहीत असणार? ही कॅश लाइन आहे."

खरंच तसं होतं. ड्रायव्हरनं बफर कॅशेबल मॅप केला होता, पण नवी फ्रेम आल्यावर जुन्या चिठ्ठ्या फाडल्याच जात नव्हत्या. ज्या लाइन अजून कॅशमध्ये होत्या त्या जुन्या दिसायच्या, बाकीच्या नव्या.

पहिला उपाय सुचला तो सोपा : अनकॅश्ड करून टाका. रेघा गेल्या, पण प्रिव्ह्यू रखडायला लागला. कारण वर सांगितलेलं गणित. शेवटी मॅपिंग कॅशेबलच ठेवलं आणि प्रत्येक फ्रेमला ताबा द्यायची-घ्यायची पद्धत लावली. मग दोन्ही प्रश्न सुटले.

यातून एक निदान कायमचं पाठ करून ठेवा : बिघाडाचा आकार ६४ बाइटच्या पटीत असेल, तर आधी कॅशकडे बघा.

१५:०० | ताबा देणं-घेणं

पद्धत साधी आहे. एका वेळी बफर एकाचाच. उपकरणाकडे द्यायच्या आधी 'डीएमए सिंक सिंगल फॉर डिव्हाइस'. उपकरणाचं काम झालं आणि सीपीयूला वाचायचं असेल तर 'डीएमए सिंक सिंगल फॉर सीपीयू'. आत क्लीन करायचं की इनव्हॅलिडेट, हे दिशेवरून कर्नल ठरवतो. कोहेरंट चिपवर कॅशचं काहीच काम नसतं, त्यामुळे हे कॉल जवळजवळ फुकटात पडतात. म्हणजे तेच कोड दोन्हीकडे चालतं. 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय'चं खरं औषध हे.

ॲपच्या बाजूला हाच ताबा वेगवेगळ्या रूपांत दिसतो. कॅमेऱ्याच्या व्ही फोर एल टू मध्ये बफर रांगेत लावणं म्हणजे ताबा दिला, रांगेतून काढणं म्हणजे ताबा घेतला. रांगेत लावलेल्या बफरला मध्येच हात लावाल तर तो करारभंग. दिसेल ते तुमचं नशीब.

अँड्रॉइडवर बरीच वर्षं आयन नावाचा ॲलोकेटर होता. मुख्य लिनक्समध्ये २०२० साली, ५.६ आवृत्तीत, डीएमए-बफ हीप्स आले, आणि अँड्रॉइड १२ च्या वेळी गूगलच्या सामायिक कर्नलमध्ये त्यांनी आयनची जागा घेतली. तिथे नेहमीच्या 'सिस्टीम' हीपच्या जोडीला 'सिस्टीम अनकॅश्ड' असा वेगळा हीपही आहे. म्हणजे स्वभाव बफर घेतानाच निवडायचा. आणि कॅशेबल घेतला तर ॲपनं वाचण्या-लिहिण्याआधी सिंकचा आयऑक्टल 'स्टार्ट' म्हणून द्यायचा, झाल्यावर 'एंड' म्हणून. मंगल कार्यालयाची किल्ली घेताना आणि परत देताना सही करतो ना, तसंच.

१७:०० | एक पान, दोन स्वभाव

आता सगळ्यात नाजूक भाग. इथे प्रश्न फाटलेल्या चित्राचा नाही, तुमच्या खासगी डेटाचा आहे.

कर्नल स्वतःच्या सोयीसाठी जवळजवळ सगळी रॅम एका सलग पट्ट्यात मॅप करून ठेवतो, आणि ती कॅशेबल असते. म्हणजे ॲपला तुम्ही एखादं पान अनकॅश्ड दिलंत, तरी त्याच पानाला कर्नलच्या बाजूनं दुसरं, कॅशेबल नाव असू शकतं. एकच वही, एक म्हणतो चिठ्ठी नको, दुसऱ्याकडे चिठ्ठी आहे.

काय होतं बघा. हे पान आधी कुठल्यातरी बँकेच्या ॲपकडे होतं. ते सुटलं. कर्नलनं नियमाप्रमाणे शून्यं भरून साफ केलं, पण कॅशेबल नावानं. म्हणजे शून्यं चिठ्ठीवर आहेत. वहीत अजून जुनंच. आता हे पान गेमला अनकॅश्ड म्हणून दिलं. गेम चिठ्ठी बघतच नाही, थेट वही वाचतो. समोर काय? मागच्या ॲपचा डेटा.

आणि त्याची उलट बाजूही आहे. काही वेळानं कॅशमधली ती शून्यं सवडीनं रॅममध्ये उतरतात, आणि मधल्या वेळात उपकरणानं लिहिलेलं पुसून टाकतात. दहा हजारांत एखादी फ्रेम काळी, आणि कारण सापडत नाही.

म्हणून पान अनकॅश्ड द्यायच्या आधी, शून्यं भरल्यावर, कॅश क्लीन करून ती शून्यं रॅमपर्यंत पोचवणं हे ऐच्छिक नाही. कर्नलचा डीएमए ॲलोकेटर हे स्वतः करतो. स्वतःचा ॲलोकेटर लिहिणाऱ्यानं हे विसरून चालत नाही. इंटेलच्या बाजूला कर्नल कुठल्या पट्ट्याला कुठला स्वभाव दिलाय याची नोंद ठेवतो, आणि दोन स्वभावांची टक्कर होत असेल तर अडवतो किंवा आधीचाच स्वभाव देतो. एआरएमच्या नियमांतही एकाच पानाला विसंगत स्वभाव देण्याविरुद्ध स्पष्ट इशारा आहे.

याच कारणानं एआरएमवर ॲपला क्लीन करायची मुभा मिळू शकते, पण नुसतं इनव्हॅलिडेट करायची सूचना कर्नलच्याच हातात असते. नाहीतर कुठलंही ॲप कर्नलनं भरलेल्या शून्यांची चिठ्ठी फाडून खालचा जुना डेटा वाचू शकलं असतं.

१९:३० | किती द्यायचं, कुणाला द्यायचं

एममॅप देताना ड्रायव्हर खरी मेमरी ॲपच्या हातात ठेवतो. 'रीमॅप पीएफएन रेंज' मागितलेला पट्टा तुमच्याच बफरचा आहे का, हे तपासत नाही. ॲपनं ४ केबीच्या बफरसाठी ४ एमबी मागितले आणि ड्रायव्हरनं आकार पाहिला नाही, तर पुढची सगळी मेमरी, कर्नलचीसुद्धा, ॲपला दिसते आणि बदलताही येते.

हे पुस्तकी भय नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या एक्झिनॉस ४२१० आणि ४४१२ चिपच्या फोनमधली एक त्रुटी जाहीर झाली. गॅलेक्सी एस २ आणि एस ३ ची काही मॉडेल त्यात होती. 'एक्झिनॉस-मेम' नावाच्या डिव्हाइस फाइलवर कुठल्याही ॲपला वाचायची-लिहायची परवानगी होती, आणि तिच्यातून एममॅप केलं की फोनची भौतिक मेमरी हाताशी यायची. म्हणजे साध्या ॲपला फोनचा पूर्ण ताबा. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१२-६४२२. ही फाइल होती ग्राफिक्स-कॅमेऱ्यासारख्या कामांसाठी, म्हणजे आपल्या आजच्याच विषयासाठी.

२०१३ साली कर्नलमध्ये 'व्हीएम आयओमॅप मेमरी' नावाचं फंक्शन आलं. तुमचा पट्टा कुठून कुठवर आहे एवढं सांगायचं, आकार आणि ऑफसेटचा हिशेब ते करतं. साधा रजिस्टरचा पट्टा द्यायचा असेल तर तेच वापरा.

आयुष्याचाही हिशेब आहे. ड्रायव्हरनं बफर सोडून दिला, पण ॲपकडे मॅपिंग अजून उघडंच असेल तर? ते पान उद्या दुसऱ्या कुणाला मिळेल, आणि पहिलं ॲप त्यात डोकावत राहील. म्हणून व्हीएमए उघडताना आणि बंद होताना मोजणी ठेवायची, आणि शेवटचा हात सुटल्याशिवाय पान सोडायचं नाही. ॲपनं फोर्क केलं तर मॅपिंगची प्रत मुलाकडेही जाऊ शकते, तीही मोजणीत धरायची.

२१:३० | दोन गैरसमज

पहिला : 'व्होलाटाइल लिहिलंय ना, मग झालं.' नाही. व्होलाटाइल ही कंपायलरला दिलेली सूचना : हे वाचन-लेखन वगळू नकोस. कॅशला ती माहीतही नसते.

दुसरा : 'अनकॅश्ड आहे, म्हणजे क्रम बरोबरच.' तेही नाही. समजा रॅममध्ये डिस्क्रिप्टर लिहिला आणि मग उपकरणाची घंटा वाजवली, म्हणजे 'काम तयार आहे' सांगणारं रजिस्टर लिहिलं. दोन्ही अनकॅश्ड. तरी घंटा आधी पोचू शकते, कारण दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. मध्ये बॅरियर लागतो. कर्नलमधलं 'राइटएल' हा बॅरियर स्वतःच घालतं. ॲपमधून थेट रजिस्टर लिहायला लागलात की तो घालायची जबाबदारी तुमची.

२२:४० | जाता जाता : पाच प्रश्न

उद्या एखादं मॅपिंग तुमच्यासमोर आलं, तुमचं असो की दुसऱ्याचं रिव्ह्यूला आलेलं, तर हे पाच प्रश्न विचारा.

एक. ही रॅम आहे की रजिस्टर? रजिस्टर असेल तर डिव्हाइस स्वभाव, आणि मेमकॉपी नाही.

दोन. सीपीयू इथे वाचतो, लिहितो की दोन्ही? भरपूर वाचत असेल तर कॅशेबल आणि सिंक.

तीन. या पानाला अजून कुठलं नाव आहे का, आणि त्याचा स्वभाव काय? पान देण्याआधी कॅश साफ झाली का?

चार. आकार आणि ऑफसेट कोण तपासतंय? ही फाइल कुणाकुणाला उघडता येते?

पाच. बफर कधी सुटतो, आणि तेव्हा कुणाचा हात त्यावर नाही याची खात्री कशी होते?

पाचही उत्तरं एका कागदावर लिहिता आली तर मॅपिंग बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. एकाचंही उत्तर 'बहुतेक' असेल, तर ड्रायव्हर अजून तयार नाही.

पुढच्या भागात आयओएमएमयू घेऊ : होलसेलवाल्याला वहीतली ठरावीक पानंच कशी उघडू द्यायची, तो विषय. तोवर फोन हातात आहेच, कॅमेरा उघडा आणि समोरून हात फिरवून बघा. रेघा दिसल्या नाहीत, तर त्या चिपमागे कुणीतरी हा हिशेब नीट लावलाय असं समजा.

भेटू मंडळी!